चार्जिंगला लावलेला लॅपटॉप हाताला झिणझिण्या का देतो? चार्जर बिघडलाय की घराची अर्थिंग?

गणपतीला गावी आलात. ‘दोन दिवस तिकडूनच काम करतो’ असं ऑफिसला सांगून लॅपटॉपही सोबत आणलात. पडवीत जमिनीवर मांडी घालून बसलात, चार्जर लावला, मनगट लॅपटॉपच्या कडेला टेकवलं आणि मुंग्या आल्यासारखं झालं. हात उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. बाजूने जाणाऱ्या काकीने बोट लावून बघितलं आणि निकाल दिला, “तुझो लॅपटॉप चावता रे!”

मालवण, देवगड, वेंगुर्ला कुठेही विचारा, हा अनुभव नवा नाही. लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याचे चाकरमानी महिनोन्‌महिने गावच्या घरातून काम करत होते, तेव्हा तर घरोघरी हीच तक्रार होती. मुंबईच्या फ्लॅटमध्ये गपचूप वागणारा लॅपटॉप गावात आला की चावायला लागतो. मग कुणी चार्जर बदलतो, कुणी खाली उशी घेतो, कुणी पायात चप्पल घालून बसतो.

चप्पल घातल्यावर झिणझिण्या थांबतात, हे खरं आहे. पण त्या का थांबतात हे कळलं तर चप्पल घालून विषय संपवणं किती धोक्याचं आहे तेही कळेल.

चार्जरच्या डब्यात काय चालतं?

भिंतीतून येते २३० व्होल्टची एसी वीज, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. लॅपटॉपला लागते साधारण २० व्होल्टची डीसी. हा बदल करताना चार्जर आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे चार्जर लहान आणि हलका बनवता येतो, पण या चालू-बंदमधून विजेचा ‘गोंगाट’ तयार होतो. तो बाहेर पडून रेडिओ, टीव्ही, वायफायला त्रास देऊ नये म्हणून चार्जरमध्ये छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. तंत्रज्ञ त्यांना ‘वाय कपॅसिटर’ म्हणतात.

कपॅसिटरमधून डीसी जात नाही, पण एसी थोडी थोडी झिरपते. उदाहरणार्थ, २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ०.१६ मिलीअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. दोन पिनांच्या चार्जरला साधारण पाव मिलीअँपिअरची मर्यादा घातलेली असते. माणसाला विजेची जाणीव होते ती अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपास. पण नाजूक कातडीला, लॅपटॉपच्या धारदार कडेला किंवा घामेजलेल्या मनगटाला त्याहून कमी प्रवाहही जाणवतो.

म्हणजे झिणझिणी हा नेहमीच बिघाड असतो असं नाही, ती चार्जरच्या रचनेतूनच येते. ही झिरपलेली वीज जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे.

तीन पिनांच्या चार्जरमध्ये ती तिसऱ्या, म्हणजे वरच्या जाड आणि लांब पिनेतून अर्थिंगच्या वायरला लागते आणि जमिनीत जाते. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण त्या पिनेच्या मागे भिंतीत वायरच नसेल तर? फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध टांगलेली लॅपटॉपची धातूची बॉडी मग जवळपास निम्म्या व्होल्टेजवर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. मल्टीमीटर लावला की हा आकडा दिसतो आणि बघणारा हादरतो. पण व्होल्टेज मोठं असलं तरी त्यामागे प्रवाह पुरवायची ताकद कपॅसिटरएवढीच असते. टेस्टर लावला तर त्यातला निऑनचा दिवा मिणमिणतो, कारण त्याला लागतो तोही नगण्य प्रवाहच. म्हणून ‘टेस्टर पेटला म्हणजे बॉडीत पूर्ण करंट आला’ हे खरं नाही आणि ‘थोडासाच पेटला म्हणजे काही नाही’ हेही खरं नाही.

आता चप्पल. शेणाने सारवलेल्या किंवा पावसाळ्यात ओल धरलेल्या जमिनीवर अनवाणी बसलात की तुमचं शरीरच अर्थिंगची वायर होतं. बॉडीतून मनगटात, मनगटातून पायात, पायातून जमिनीत. चप्पल तो रस्ता तोडते. लॅपटॉपची बॉडी मात्र होती तिथेच, ११५ व्होल्टवर.

दोन पिनांच्या चार्जरची गोष्ट जरा वेगळी. त्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ आत दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची गरज नाही. असा चार्जर उत्तम अर्थिंगच्या घरातही हलकी झिणझिणी देऊ शकतो, विशेषतः लॅपटॉप अॅल्युमिनियमचा असेल तर. कधीकधी प्लग उलटा फिरवून लावला की ती कमीही होते. इन्व्हर्टरवर असताना वाढली तरी नवल नाही, कारण स्वस्त इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत नसून चौकोनी टप्प्यांची असते आणि ती कपॅसिटरमधून जास्त झिरपते.

मग घाबरायचं कशाला?

कारण लॅपटॉपची झिणझिणी जिवावर बेतत नाही, पण ती एक बातमी देते. तीन पिनांचा चार्जर झिणझिणत असेल तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही, अशी ती बातमी. बहुतेक वेळा फक्त त्या सॉकेटला नाही, तर अख्ख्या घराला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, जी वायरमनही सहसा सांगत नाहीत. नीट वायरिंग केलेल्या घरात प्रत्येक सॉकेटची अर्थ वायर मुख्य बोर्डावरच्या एका पट्टीवर येऊन जोडलेली असते. त्या पट्टीवरून एक जाड तार अंगणातल्या खड्ड्यात जाते. आता समजा खड्ड्याकडे जाणारी ती एकच तार गंजून तुटली. आतल्या सगळ्या वायरी शाबूत, फक्त जमिनीशी नातं संपलं. घरातला फ्रीज, वॉशिंग मशीन, विहिरीवरचा पंप, गिझर आणि तुमचा लॅपटॉप, सगळ्यांच्या धातूच्या बॉड्या आता एकमेकींना जोडलेल्या आहेत, पण जमिनीला नाहीत.

मग एक दिवस पंपाच्या मोटरमध्ये पाणी शिरतं आणि फेज तिच्या बॉडीला लागते. अर्थिंग चालू असती तर ती वीज जमिनीत गेली असती. आता ती उलट्या वाटेने पट्टीवर येते आणि घरभर पसरते. बिघाड विहिरीवर, शॉक स्वयंपाकघरात फ्रीजच्या दांड्याला. तीन पिनांच्या चार्जरमधून लॅपटॉपच्या बॉडीवरही तीच वीज येऊ शकते. या वेळी मागे कपॅसिटर नाही, थेट २३० व्होल्टची लाइन आहे. ओल्या हातापायांनी माणसाच्या शरीराचा रोध हजार-दोन हजार ओहमपर्यंत उतरतो. हिशेब केला तर १०० ते २०० मिलीअँपिअर होतात. १० मिलीअँपिअरला स्नायू आखडून हात सुटत नाही आणि ३० मिलीअँपिअरच्या पुढे प्रवाह टिकला तर हृदयाला धोका सुरू होतो.

म्हणजे मेलेली अर्थिंग ही नसलेल्या अर्थिंगपेक्षा वाईट असू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने प्रत्येकी १२ हजारांहून जास्त मृत्यू नोंदले गेले आहेत. त्यात तुटलेल्या तारा, शेतातले पंप, कामावरचे अपघात सगळंच येतं. पण घरातला फ्रीज, कूलर, गिझर आणि ओलं अंग हे प्रकार पावसाळ्यात बातम्यांमध्ये आपण दरवर्षी वाचतोच.

किनाऱ्यावरच हा त्रास जास्त का?

एक कारण घरं. जुन्या चिरेबंदी घरांमध्ये वीज आली तेव्हा लाकडी पट्ट्यांवरून फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी फिरवल्या गेल्या. दिवे, पंखा आणि रेडिओ एवढंच चालवायचं होतं. नंतर मिक्सर आला, फ्रीज आला, म्हणून लाकडी बोर्डावर तीन भोकांची सॉकेट बसली. वरच्या मोठ्या भोकामागे मात्र काहीच जोडलेलं नसतं. घराला नवा रंग लागला, कौलं जाऊन स्लॅब आला, तरी ते भोक तसंच.

दुसरं कारण जमीन. गावाकडे बहुतेक घरांना खांबावरून दोनच तारा येतात, अर्थिंगचा खड्डा आपला आपण करायचा असतो. आणि सिंधुदुर्गात खड्डा कुठे खणता यावर सगळं अवलंबून आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, फूटभर मातीखाली कातळ लागतो. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवत नाही. जुलैत निथळणारी जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि कोरडी जमीन वीज घेत नाही. त्यामुळे पावसाळ्यात केलेली आणि पावसाळ्यात तपासलेली अर्थिंग मे महिन्यात नापास होऊ शकते.

याउलट तारकर्ली-देवबागकडे, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आहे, तिथे थोडं खणलं की ओली खारट वाळू. वीज जमिनीत जायला याहून चांगली जागा नाही. पण तेच मीठ लोखंड खातं. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप, त्याला आवळलेली तांब्याची तार, वर खारी हवा. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात जस्त आधी झिजतं. जोड वरून हिरवा-पांढरा दिसायला लागला की समजायचं. बऱ्याचदा तर तार हाताने ओढली की सुटून येते.

खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कोळसा ओल धरतो, मीठ वीज वाहायला मदत करतं. पण कोकणातल्या पावसात ते मीठ टिकत नाही, आणि जोवर असतं तोवर पाइपही गंजवतं. खड्डा एकदा केला की जन्माचं काम झालं, हा समज म्हणूनच चुकीचा. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये पाइप किमान अडीच मीटर लांब असावा, तो घराच्या भिंतीपासून दीड मीटर दूर असावा, असे नियम दिलेले आहेत. प्रत्यक्षात भिंतीला चिकटून ठोकलेली तीन फुटांची सळई दिसते. काही ठिकाणी तार विहिरीच्या पाण्याच्या पाइपला बांधलेली असते, आणि तो पाइप मधल्या काळात प्लास्टिकचा झालेला असतो!

आणि वादळं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात माड आणि आंबे तारांवर कोसळले, शेकडो खांब आडवे झाले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. खांब उभे राहिले, वीज आली. घराबाहेरची, झाडाखाली दबलेली अर्थिंगची तार पुन्हा जोडली का, हे बघायला मात्र कुणी येत नाही. ते काम घरमालकाचं.

“न्यूट्रलाक जोडून देतंय, काय्येक होवचा नाय”

झिणझिणीची तक्रार केली की काही वायरमन हा झटपट उपाय करतात. सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या वायरीवरून एक छोटा तुकडा अर्थच्या भोकाला जोडायचा. झिणझिणी त्याच क्षणी बंद. पैसे घेऊन माणूस मोकळा. आमच्या शेजारच्या घरात हे केलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि घरातले सगळे खूशही होते.

हे अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल ही सुरक्षेची वायर नाही, ती वीज परत नेणारी वायर आहे. खांबापासून घरापर्यंत ती कुठेही तुटली, आणि वाऱ्या-पावसात, गंजलेल्या जोडामुळे ती तुटतेच, तर घरात चालू असलेल्या एखाद्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज फिरून न्यूट्रलवर येते. तो तुकडा तिला थेट फ्रीजच्या आणि लॅपटॉपच्या बॉडीवर आणून सोडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल ‘लाइट गेले’, कारण दिवे बंद असतील. आणि फ्रीजला हात लावला तर शॉक. तीन फेजचं कनेक्शन असेल तर न्यूट्रल तुटल्यावर काही दिवे एकदम भगभगीत आणि काही मंद होतात. असं दिसलं तर आधी मेन स्विच बंद करायचा, मग महावितरणला १९१२ वर कळवायचं.

दुसरा आवडता जुगाड म्हणजे तिसरी पिन कापणं किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणं. लॅपटॉपसाठी झिणझिणीपुरतं चालून जातं, पण तोच कन्व्हर्टर उद्या इस्त्रीला लागतो.

घरात तपासायचं कसं?

आधी साधी ओळख. चार्जर काढून फक्त बॅटरीवर लॅपटॉप चालवा. झिणझिणी गेली तर ती चार्जरकडूनच येत होती. मग चार्जर पाहा, दोन पिना की तीन. तीन असतील आणि दुसऱ्या, नव्या वायरिंगच्या घरात तोच चार्जर शांत असेल, तर दोष तुमच्या घराचा. झिणझिणीऐवजी जोरात झटका बसला तर प्रयोग तिथेच थांबवा, सॉकेटचं बटण बंद करा आणि पुन्हा वापरू नका. चार्जर रस्त्यावरून घेतलेला डुप्लिकेट असेल तर वरचं सगळं गणित विसरा. त्यात कपॅसिटर कुठल्या दर्जाचा आहे, इन्सुलेशन आहे की नाही, कशाचीच खात्री नाही. आपल्याकडे अॅडॉप्टरना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, चार्जरवर आयएस १३२५२ आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो बघून घ्या.

सॉकेट तपासायला तीन दिव्यांचा छोटा टेस्टर-प्लग ऑनलाइन किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. लावला की अर्थ आहे की नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, हे दिव्यांवरून कळतं. पण त्याला दोन गोष्टी कळत नाहीत. वर सांगितलेला न्यूट्रलचा तुकडा तो ‘अर्थिंग ठीक’ म्हणून पास करतो. आणि अर्थिंग किती चांगली आहे, हेही तो सांगू शकत नाही.

बल्ब लावून बघायच्या पद्धतीचंही तेच. फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावतात, पेटला की ‘एक नंबर अर्थिंग’. पण पेटलेल्या १०० वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध ५०० ओहमच्या वर असतो. खड्ड्याचा रोध ५० ओहम असला तरी त्याला नव्वद टक्के व्होल्टेज मिळतं आणि तो झकास पेटतो. शिवाय हा प्रयोग घरच्यांनी करायचा नाहीच. परवानाधारक वायरमनला बोलवा, मल्टीमीटरने फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज बघायला सांगा आणि खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून आकडा मागा. पहिलं माप साधारण फेज-न्यूट्रलएवढंच यायला हवं, दुसरं शून्याच्या जवळ. आणि मोजायचं मे महिन्यात.

खड्डा चांगला असला तरी एमसीबी पडेलच असं नाही

समजा खड्ड्याचा रोध २० ओहम आला. जांभ्याच्या जमिनीत हे वाईट म्हणता येणार नाही. पंपाची बॉडी फेजला लागली तर २३० भागिले २०, म्हणजे जास्तीत जास्त साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. तुमचा एमसीबी १६ अँपिअरचा. त्याच्या लेखी हा साधा लोड आहे, तो पडणारच नाही. पंपाची बॉडी वीज घेऊन तशीच उभी राहील आणि बिल वाढत जाईल.

म्हणून अशा जमिनीत खरा जीव वाचवणारा म्हणजे आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते की नाही, हे तो सतत मोजतो. ३० मिलीअँपिअर कमी आली, म्हणजे कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत गळती आहे, तर सेकंदाच्या काही भागात लाइन तोडतो. घरात अर्थिंगची वायर नसली तरी तो काम करतो. म्हणजे अख्ख्या जुन्या घराची वायरिंग या वर्षी बदलणं परवडत नसेल, तर सुरुवात आरसीसीबीपासून करता येते. एक मर्यादा लक्षात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर त्याला फरक दिसत नाही, तो पडत नाही.

त्याच्यावर लोकांचा राग असतो तो वेगळ्याच कारणाने. पावसात तो सारखा पडतो. मग कंटाळून कुणीतरी तो काढून टाकतो किंवा बाजूने वायर फिरवून घेतो. खरं तर तो पडतो कारण कुठेतरी ओल शिरलेली असते, अंगणातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये, पंपाच्या स्टार्टरमध्ये, नाहीतर गच्चीवरच्या टाकीच्या वायरीत. पंप आणि बाहेरचे दिवे वेगळ्या आरसीसीबीवर घेतले की घरातली वीज जात नाही आणि गळती कुठे आहे तेही कळतं. ज्यांचं घर होमस्टे म्हणून चालतं, त्यांनी गिझरच्या लाइनला हे करून घेतलेलं बरं. तिथे अंघोळ करणारा पाहुणा तुमच्या घराची वायरिंग ओळखत नाही.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की तो खटकन पडायला हवा. महिन्यातून एकदा दाबून बघा. खाऱ्या हवेत आतला खटका जाम होतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. दाबूनही पडला नाही, तर बाप्पाच्या मखराला लायटिंगच्या माळा जोडायच्या आधी वायरमनला फोन करा. चतुर्थीच्या आठवड्यात तो कुणालाच सापडत नाही.